नळापासून नदीपर्यंत

जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत सकाळी निघताना सायकलच्या बाटलीत आपण जे पाणी भरतो, ते बनास नदीचं असतं. टोंक जिल्ह्यातल्या बिसलपूर धरणातून शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास नळातून करून ते इथवर येतं. जयपूर या पाण्यावर जगू लागलं ते २००९ नंतर. त्याआधी शहराची तहान जमवा रामगढच्या धरणाने भागवली, आणि त्याच्याही आधी अमानीशाहच्या नाल्याने, म्हणजे आज जिला पुन्हा द्रव्यवती म्हणतात त्या नदीने. एक पाणवठा नैर्ऋत्येला, एक ईशान्येला, तिसरा तर मानसरोवरच्या कुशीतून वाहणारा. तिन्ही सायकलच्या टप्प्यातले. या पुस्तकातले मार्ग त्या पाणवठ्यांच्या आधाराने आखले आहेत. किल्ला, हवेली, बावडी हे सगळं वाटेत येतंच, पण वाट ठरवली आहे ती पाण्याने.

राजस्थानात नदीकाठाने सायकल चालवायची, असं म्हटलं की मराठी माणूस आधी आश्चर्याने बघतो. इथल्या नद्या वर्षातले आठ-नऊ महिने वाळूच्या असतात. पुणे-साताऱ्याकडच्या सायकलस्वाराला नदी म्हणजे घाट, डोह, उसाची हिरवी पट्टी. ती ओळख बाजूला ठेवून इथली नदी बघावी लागते. तरीही नदीचं खोरं धरून जाण्याचा जो मूळ फायदा आहे, तो कोरड्या नदीच्या काठीही तेवढाच मिळतो. पाण्याने हजारो वर्षं घासून काढलेला उतार माणसाच्या पायांना मानवतो. वस्ती त्याच पाण्याच्या आधाराने बसलेली असते, म्हणून काही किलोमीटरवर विहीर, देऊळ, चहाची टपरी भेटतेच. आणि दिशा चुकत नाही.

या गोष्टीची सर्वांत पद्धतशीर मांडणी जर्मनीने केली. सायकलची पणजी म्हणावी अशी दोन चाकांची लाकडी गाडी कार्ल ड्रायस याने १२ जून १८१७ रोजी चालवून दाखवली, तीही ऱ्हाइनच्या सपाट खोऱ्यात, मानहाइम शहरातून बाहेर पडून. पण आपल्याला इथे उपयोगाच्या आहेत त्या जर्मनीच्या अलीकडच्या नदीवाटा. वेरा आणि फुल्डा या दोन नद्या हान म्युंडेन या गावी मिळतात आणि तिथून पुढे वेझर हे नाव चालू होतं. समुद्रसपाटीपासून हे ठिकाण जेमतेम एकशे सोळा मीटर उंच. तिथून उत्तर समुद्रावरच्या कुक्सहाफेनपर्यंतची सायकलवाट सुमारे ५२० किलोमीटर. इतक्या अंतरात एवढाच उतार, म्हणजे चढ-उतार जवळपास जाणवतच नाही. सत्तरीचं जोडपं, लहान मुलांना मागच्या गाडीत बसवलेले आईबाप, शाळेची सहल, सगळे त्या वाटेवर असतात. बव्हेरियातली आल्टम्यूल तर आणखी संथ. तिच्या दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे आहेत, आणि त्याच चुनखडीत, सोल्नहोफेनच्या खाणींत, एकोणिसाव्या शतकात आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याचे अवशेष सापडले. टाउबर नदीची वाट रोटेनबुर्गहून वेर्टहाइमपर्यंत शंभरेक किलोमीटर, द्राक्षमळे आणि तटबंदीची गावं यांच्यामधून.

या वाटा पर्यटन खात्याने एका दिवसात रंगवलेल्या नाहीत. जर्मन नद्यांच्या काठाला जुनी पायवाट होतीच. इंजिनाची बोट येण्याआधी मालाचे पडाव प्रवाहाविरुद्ध ओढून न्यायला घोडे आणि माणसं दोर खांद्यावर घेऊन काठाने चालत. पुढे दोर गेला आणि वाट उरली. डोंगराळ भागात हीच गोष्ट रेल्वेची झाली. फोगेल्सबेर्ग हा मध्य जर्मनीतला विझलेल्या ज्वालामुखीचा डोंगर. त्याच्यावरून जाणारा लोहमार्ग बंद पडला, रूळ निघाले आणि त्या मार्गावर सायकलवाट झाली. आगगाडीला मानवणारा चढ सायकलला मानवतोच. १९७९ मध्ये ब्रेमेनला ‘एडीएफसी’ ही सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिने वाटांना तारे द्यायला सुरुवात केली, सायकलस्वारांना एका रात्रीपुरतीही खोली देणाऱ्या लॉजांची नोंद १९९५ पासून ठेवली, रेल्वेत सायकल चढवता यावी म्हणून पाठपुरावा केला. आज तिथल्या प्रादेशिक गाड्यांत सायकलचं तिकीट काढून डब्यात चढता येतं. थकलं की पुढच्या स्टेशनवर गाडी धरायची. वाट जितकी डांबराने होते, तितकीच या सोयींनी होते, हे जर्मनीकडून घेण्यासारखं आहे.

आणि तरी आपण हे जर्मनीकडून प्रथमच शिकतो आहोत असं मी मानत नाही. नदी धरून दूर जाण्याची जुनी आणि आजही जिवंत असलेली व्यवस्था आपल्याकडे आहे. नर्मदा परिक्रमा. दोन्ही काठ मिळून अडीच हजार किलोमीटरांहून जास्त चाल, नदी नेहमी उजव्या हाताला, पात्र ओलांडायचं नाही. मुक्काम आश्रमात, शिधा सदावर्तात, पुढच्या टप्प्याची माहिती गावकऱ्याकडे. गो. नी. दांडेकर, जगन्नाथ कुंटे यांच्यापासून कितीतरी मराठी माणसं ही वाट चालली, आणि अलीकडे सायकलवरून परिक्रमा करणारेही भेटतात. मार्ग कशाला म्हणायचं, याची व्याख्या त्या परिक्रमेत आहे: ठरलेली दिशा, ठरलेले आचार, आणि अनोळखी माणसाला रात्री टेकायला जागा. ह्या तीन गोष्टी असल्या की नकाशावर रेघ नसली तरी मार्ग असतो. त्या नसल्या तर लाल डांबराचा रुंद ट्रॅकही दोन पुलांमधला तुकडाच राहतो.

महाराष्ट्रात अशा वाटेची उत्तम जागा कृष्णेचं खोरं आहे. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर, सांगली साडेपाचशे. एवढ्या लांब पल्ल्यात केवळ दीडेकशे मीटर उतरायचं. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट, माहुलीला वेण्णेचा संगम, कऱ्हाडला कोयना समोरून येऊन मिळते तो प्रीतिसंगम. हान म्युंडेनच्या संगमावर बसलेल्या प्रवाशाला कऱ्हाडचा संगम दाखवला तर तो आपली सायकल लगेच पूर्वेकडे वळवेल, याची मला खात्री आहे. कृष्णेवरचं तसं पुस्तक कोणीतरी लवकर लिहावं. हे पुस्तक मात्र जयपूरचं आहे, कारण ते इथे राहणाऱ्या मराठी माणसांसाठी आणि इथे सायकल घेऊन येणाऱ्यांसाठी आहे, आणि या भागाची सायकलवरून नीट ओळख मराठीत कोणी करून दिलेली मला आढळली नाही.

सुरुवात घरापासून करू. नाहरगढच्या डोंगरांच्या पायथ्याला उगम पावलेली द्रव्यवती शहराच्या पश्चिमेने दक्षिणेकडे उतरते, मानसरोवरच्या पूर्वेच्या कडेने शिप्रा पथाजवळून जाते, सांगानेर गाठते आणि सुमारे ४७ किलोमीटरांनंतर ढूंढ नदीला मिळते. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये जयपूर वसवताना या प्रवाहाच्या पाण्याचा विचार केला होता. एकोणिसाव्या शतकात सवाई रामसिंग दुसरे यांच्या काळात अमानीशाहचं पाणी पंपाने उपसून नळांनी शहरात पोहोचवलं गेलं. मग शहर पसरलं, कारखाने आले, आणि नदीचा नाला झाला. १९८१ च्या जुलैमधल्या पुरात या नाल्याने आपल्या जुन्या रुंदीची लोकांना आठवण करून दिली. जयपूरच्या साठीतल्या कुणालाही विचारा, तो पूर त्याच्या तोंडपाठ असतो.

२०१६ मध्ये नदीच्या पुनरुज्जीवनाचा मोठा प्रकल्प सुरू झाला, २०१८ मध्ये त्याचा काही भाग लोकांसाठी खुला झाला. मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रं, छोटे बांध, दगडी काठ, बागा, पायवाट आणि सायकल ट्रॅक. मानसरोवरकरांना या प्रकल्पाने पहाटे फिरायला जागा दिली, ही गोष्ट छोटी नाही. पण माझं मत स्पष्ट आहे. काँक्रीटच्या चौकटीत बसवलेल्या पाण्याला नदी म्हणायला मन धजत नाही, आणि ट्रॅकला सलगपणा नाही. कुठे फाटक बंद, कुठे पुलाखालून वाट नाही, कुठे वास असह्य. म्हणून या पुस्तकातला पहिला मार्ग ट्रॅकवर हट्टाने राहत नाही. जिथे ट्रॅक चांगला आहे तिथे त्यावरून, नाहीतर शेजारच्या रस्त्याने, पण नदीची सोबत न सोडता तो सांगानेरला पोहोचतो.

सांगानेरला थांबावं. इथली ठशांची छपाई या पाण्यावर उभी राहिली. कापड धुवायला, रंग पक्का करायला वाहतं पाणी लागे. आज धुण्याची रीत बदलली आहे, आणि रंगीत सांडपाण्याचा प्रश्न ह्याच गावाच्या नावाने ओळखला जातो. छपाईच्या कारखान्यात लाकडी ठसा उचलून कापडावर मारणाऱ्या कारागिराचा हात बघितला की या नदीबद्दल दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी मनात येतात. त्या दोन्ही बरोबर घेऊनच पुढे निघावं लागतं. सांगानेरच्या पुढे शेतं सुरू होतात, रस्ता अरुंद होतो, आणि लक्ष्मी-जगदीशाच्या देवळासाठी आणि मालपुव्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गोनेर येतं. घरापासून अंतर वीसेक किलोमीटर. नवख्या माणसाचा पहिला दिवस इथपर्यंतच असावा.

गोनेरच्या पुढे ढूंढचं खोरं. या नदीवरून सगळ्या प्रदेशाला ढूंढाड म्हणतात. ढूंढ मोरेलला मिळते, मोरेल बनासला, बनास चंबळेला, आणि चंबळ यमुनेला. म्हणजे शिप्रा पथावरच्या पुलाखालून वाहिलेलं पाणी, वाटेत जमिनीत मुरलं नाही तर, प्रयागला पोहोचतं. या खोऱ्यात मराठी वाचकाला थांबवणारं एक ठिकाण आहे, आणि तिथे फलक शोधत बसू नये. बस्सी भागातलं तुंगा. २८ जुलै १७८७ रोजी महादजी शिंदे आणि जयपूरचे सवाई प्रतापसिंग यांच्या फौजा इथे भिडल्या. आपल्या इतिहासात ती लालसोटची मोहीम म्हणून येते. जोधपूरच्या राठोडांचे घोडेस्वार मराठ्यांच्या तोफांवर तुटून पडले, महादजींच्या पदरी असलेल्या द बॉयनच्या कवायती पायदळाने आपली जागा राखली, महादजींना सोडून गेलेला महंमद बेग हमदानी तोफेच्या गोळ्याने मेला. दिवस कुणाचाच झाला नाही. पण पुढच्या काही दिवसांत थकलेल्या पगारावरून हिंदुस्थानी पलटणी फुटल्या आणि महादजींना मागे हटावं लागलं. त्या पराभवाची भरपाई त्यांनी १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे केली.

हे सगळं पुस्तकात वाचलेलं असतं. सायकलवरून तुंगाला गेलं की जमीन समजते. मोरेलकडच्या घळी, भुसभुशीत माती, मधूनच डोकं वर काढणाऱ्या टेकड्या. हजारो घोड्यांची फौज जुलैत इथे आणायची म्हणजे चारा कुठे, पाणी कुठे, तोफगाड्यांची चाकं कोणत्या चिखलात रुततील, हे प्रश्न आधी सोडवायचे. अठराव्या शतकात फौजांची वाट पाणी आणि वैरण ठरवत असे. आपल्याला वैरण लागत नाही, एवढाच फरक. दर दहा-बारा किलोमीटरांनी पाणी शोधणाऱ्या सायकलस्वाराला त्या मोहिमांचे मुक्काम जितके चटकन कळतात, तितके मोटारीतून जाणाऱ्याला कळत नाहीत.

या पुस्तकाचा गाभा बनासचा मार्ग आहे. मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते त्याच्याविषयी.

सांगानेरहून नैर्ऋत्येला डिग्गी-मालपुऱ्याचा रस्ता निघतो. हा जयपूरचा वारीचा रस्ता आहे. श्रावणात जयपूरच्या चौडा रास्त्यावरून डिग्गीच्या कल्याणजींची पदयात्रा निघते, आणि ऐंशीएक किलोमीटर लोक पायी जातात, हातात निशाण, पायांना फोड. वाटेत गावोगावी भंडारे लागतात, पाण्याचे माठ, पाय चेपून देणारी मुलं. आळंदी-पंढरपूर वाट ज्याने पाहिली आहे त्याला इथे परकं काही वाटणार नाही. मी म्हटलं ना, मार्ग म्हणजे दिशा, आचार आणि आसरा. या रस्त्याला ही तिन्ही पूर्वीपासून आहेत. यात्रेचे दिवस संपल्यावर धर्मशाळा रिकाम्या असतात आणि सायकल आत घ्यायला कुणी हरकत घेत नाही. उलट, ‘कठे सूं आया?’ या प्रश्नाला मानसरोवर असं उत्तर दिलं की हसतात, आणि त्याच्याआधीचं गाव विचारतात. पुणे किंवा नागपूर म्हटलं की खाटेवर जागा होते.

या रस्त्याच्या आसपास आणखी एक विसरलेली रेघ आहे. सांगानेरहून टोडारायसिंगपर्यंत मीटरगेजची गाडी जात असे. ती बंद झाली आणि रूळ उखडले गेले. टोंक जिल्ह्याचं मुख्य ठिकाण आजही रेल्वेविना आहे, त्यामुळे त्या गाडीची आठवण जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून दुखरी आहे. फोगेल्सबेर्गला जे घडलं ते इथे घडू शकलं असतं. राजधानीच्या दारातून निघून बनासच्या अगदी जवळ जाणारी, गाडीसाठी सौम्य चढ राखून बांधलेली वाट हाताशी होती. ती सलग जपली असती तर देशातली एक उत्कृष्ट ग्रामीण सायकलवाट इथे झाली असती. जे उरलं आहे ते मोजून, नोंदून ठेवलं तरी पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल, म्हणून जुन्या मार्गाजवळून जाणारे ग्रामीण रस्ते या पुस्तकात मुद्दाम घेतले आहेत.

मालपुऱ्याजवळ अविकानगर आहे. १९६२ पासून मेंढी आणि लोकरीवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था तिथे आहे. खडकाळ, कमी पावसाच्या, काटेरी कुरणांच्या या प्रदेशात मेंढी का टिकते, हे त्या भागातून सायकलने गेल्यावर वेगळं शिकवावं लागत नाही. मालपुऱ्यालाच १८०० च्या एप्रिलमध्ये शिंद्यांचे सेनापती लखबादादा लाड आणि प्रतापसिंगांची फौज यांची लढाई झाली. तुंगानंतर तेरा वर्षांनी, तेच प्रतापसिंग. मधल्या काळात, १७९९ मध्ये, त्यांनी हवामहल बांधून पुरा केला होता. त्यापुढे टोडारायसिंग. डोंगराच्या कुशीतलं जुनं गाव, वाडे, देवळं आणि हाडी राणीची बावडी. ‘पहेली’ चित्रपटामुळे ती लोकांना माहीत झाली. पायऱ्यांच्या त्या भूमितीकडे बघताना लक्षात येतं, की या प्रदेशाने पाण्याला जेवढा सुंदर दगड दिला तेवढा आणखी कुठल्याही गोष्टीला क्वचितच दिला असेल.

आणि मग बनास. कुंभलगढजवळच्या खमनोरच्या डोंगरांत जन्मलेली, पाचशेहून अधिक किलोमीटर वाहणारी, आणि सबंध प्रवास राजस्थानातच करणारी नदी. बिसलपूर आणि राजमहाल या भागात ती डोंगररांग फोडून बाहेर पडते. बिसलपूरला बाराव्या शतकातलं विग्रहराज चौहान, म्हणजे बीसलदेव यांचं शिवालय आहे, आणि त्याच्याजवळच विसाव्या शतकाच्या अखेरीला पुरं झालेलं धरण. भिंतीवरून दिसणारं ते निळं पाणी जयपूर, अजमेर आणि टोंक पितं. मानसरोवरहून निघालेल्या माणसाने बाटलीतलं पाणी आणि समोरचं पाणी एकदा शेजारी धरून बघावं, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नंतर घरचा पंप सुरू करण्याआधी त्याचा हात दोन क्षण थबकेल. राजमहालला मार्च १७४७ मध्ये याच नदीकाठी सवाई ईश्वरीसिंगांनी आपल्या भावाच्या, माधोसिंगांच्या, मराठे ज्यात सामील होते अशा फौजेला हरवलं. जयपूरच्या त्रिपोलिया बाजाराजवळची ईसरलाट हा उंच मनोरा त्या विजयाचा आहे. दुसऱ्याच वर्षी बगरूला पारडं फिरलं आणि मल्हारराव होळकरांनी ईश्वरीसिंगांना तह करायला लावला. जयपूर आणि मराठे यांचा हा इतिहास दोन्हीकडून कडवट आहे. १७५१ च्या जानेवारीत जयपूर शहरात मराठ्यांची जी कत्तल झाली, ती त्याची टोकाची घटना. इथे राहणाऱ्या मराठी माणसाने तो माहीत करून घ्यावा आणि त्याच रस्त्यांनी रामराम करत जावं.

बनासच्या वाटेवरचा सर्वांत मोठा धोका मात्र इतिहासातला नाही. तो बजरीचा आहे. नदीतली जाड वाळू, जिच्यावर जयपूरच्या इमारती उभ्या राहतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाच्या परवानगीविना चाललेला हा उपसा थांबवला, आणि त्यानंतरची वर्षं बजरीचे डंपर आणि ट्रॅक्टर रात्री-पहाटे भरधाव धावण्यात गेली. टोंक जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात या विषयावर तासभर बोलणारे लोक भेटतात. सायकलस्वाराने डंपरचे रस्ते टाळावेत, पहाटेच्या अंधारात मोठ्या रस्त्यावर येऊ नये. मार्गाची आखणी याच धोक्यामुळे काही ठिकाणी आठ-दहा किलोमीटरांनी लांबली आहे.

रामगढबद्दल थोडंच लिहितो. १९०३ मध्ये पुरं झालेलं बाणगंगेवरचं हे धरण जयपूरचा अभिमान होतं. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतल्या नौकानयनाच्या शर्यती इथे झाल्या. आज त्या तळ्याच्या तळाशी गुरं चरतात. वरच्या खोऱ्यात प्रवाहाच्या वाटा अडवल्या गेल्या, अतिक्रमणं झाली, आणि राजस्थान उच्च न्यायालयाला स्वतःहून लक्ष घालावं लागलं. तिथे जाणारा रस्ता डोंगरातून जातो, सावली आहे, चढ छोटे आणि खडे आहेत. सायकलसाठी जयपूरच्या आसपास इतका देखणा रस्ता दुसरा नाही. धरणाच्या भिंतीवर पोहोचल्यावर बोलायला फारसं सुचत नाही.

तिथून पुढे आंधीवरून अलवर जिल्ह्यात शिरलं की अरवरीचं खोरं. ज्याला पुस्तकातला एकच मार्ग करायला जमणार असेल, त्याने हा करावा. १९८५ मध्ये तरुण भारत संघाच्या राजेंद्र सिंहांनी गोपालपुऱ्यात गावकऱ्यांबरोबर जुना जोहड उपसायला घेतला. जोहड म्हणजे उतारावर अर्धचंद्राकार घातलेला मातीचा बांध. पावसाचं पाणी अडवायचं, मुरवायचं, विहिरी जिवंत करायच्या. हिवरे बाजार पाहिलेल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. भाँवता-कोल्याळा या अरवरीच्या उगमाजवळच्या गावांनी आपल्या डोंगरांवर बांध घातले, जंगल राखलं, आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला पावसाळ्यानंतर आटणारी अरवरी बारमाही वाहू लागली. पाणी आलं तसे मासे आले, आणि मासेमारीचा ठेका कुणाचा यावरून वाद पेटला. त्यातून खोऱ्यातल्या सत्तर गावांची अरवरी संसद उभी राहिली. कोणतं पीक घ्यायचं, किती पाणी उपसायचं, याचे नियम ती करते. २००० च्या मार्चमध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन स्वतः भाँवता-कोल्याळ्याला जाऊन गावाला पुरस्कार देऊन आले.

सायकल या खोऱ्यात पुरेशी सावकाश चालते, म्हणून बांध दिसतात. मोटारीतून ते उंचवटे वाटतात. एका बांधाखालच्या विहिरीत डोकावायचं, पाणी किती खाली आहे ते विचारायचं, पुढच्या गावात पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत खोऱ्याचा पाण्याचा ताळेबंद आपल्या डोळ्यांसमोर असतो. जर्मन नदीवाटांचे प्रवासी बहुतेक उगमाकडून मुखाकडे, उताराच्या बाजूने जातात. इथे उलट जावं, असं मला वाटतं. प्रवाहाविरुद्ध, उगमाकडे. नदी कुणी आटवली आणि कुणी परत आणली, हे वरच्या अंगाला कळतं. भानगढचा किल्ला याच भागात आहे, भुतांच्या गोष्टींमुळे तिथे गर्दी असते. सोळाव्या शतकातली बाजारपेठ, देवळं आणि कुंड बघण्यासारखं आहे. सूर्यास्तानंतर आत राहायला पुरातत्त्व खात्याची बंदी आहे. सरिस्काच्या जंगलातून जवळची वाट काढायचा मोह कुणी करू नये, अरवलीत बिबटे आणि वाघ दोन्ही आहेत.

जर्मन वाटांनीही नदीची दुसरी, पुराची बाजू अनुभवली आहे. १४ जुलै २०२१ च्या रात्री आर नदीच्या पुराने त्या खोऱ्यात शंभराहून अधिक माणसं गेली, पूल, रेल्वे आणि काठाची लोकप्रिय सायकलवाट वाहून गेली. नदीकाठाने जाणाऱ्या प्रत्येक माणसाने पुराच्या खुणा वाचायला शिकलं पाहिजे, मग नदी वेझर असो की ढूंढ.

आता थोडं कामाचं. ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत निघावं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं असतं, तेव्हा ऊन वर आल्यावर सुरुवात करावी. जानेवारीत मोहरीची पिवळी शेतं दोन्ही बाजूंना असतात, आणि गावच्या शाळेत जाणाऱ्या नववी-दहावीच्या मुलींचे सायकलींचे थवे. सरकारी योजनेतून त्यांना सायकली मिळतात. या रस्त्यांवरच्या खऱ्या सायकलस्वार त्या आहेत. आपली भारी गिअरची सायकल घेऊन घंटी वाजवत त्यांना बाजूला सारू नये. विलायती बाभळीचे काटे सर्वत्र आहेत. टायरच्या आत काटारोधक पट्टी, दोन जास्तीच्या ट्यूब आणि हवा भरायचा पंप याला पर्याय नाही. वाळूच्या पात्रात सायकल ढकलत न्यावी लागते, हे गृहीत धरूनच वेळ ठेवावा. ढूंढ-मोरेलच्या भागातून परतायला चाकसू किंवा बनस्थळी-निवाई स्टेशन सोयीचं, सायकल लगेजच्या डब्यातून आधी नोंदवून पाठवावी लागते. जेवण कुठेही मिळतं. थंडीत बाजरीची भाकरी, कढी, लसणाची चटणी. पाण्याची बाटली भरून घेताना कुणाच्या विहिरीला पाणी कमी असेल तर हँडपंप शोधावा.

बाहेरून आलेले काही जण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, हिरवे डोंगर आणि भरलेले जोहड बघायला येतात. त्यांचं चुकतं असं नाही, अरवली तेव्हा सर्वांत सुंदर असते. पण त्या दिवसांत रपटींचं भान ठेवावं. नदीच्या पात्रातून जाणारा तो बुटका रस्ता वरच्या डोंगरात झालेल्या पावसाने काही मिनिटांत पाण्याखाली जातो, आणि दरवर्षी ट्रॅक्टरसुद्धा वाहून जातात. रपटीवरून पाणी वाहत असलं, घोट्याएवढं का असेना, तर उतरू नये. मागच्या गावात परतून थांबावं. या पुस्तकात प्रत्येक रपटीच्या अलीकडचं गाव आणि तिथली टेकायची जागा दिली आहे.